हौद्याची जीप

आमच्या जीपला गावात कुणी महिंद्रा म्हटलं नाही की विलीज म्हटलं नाही. ती ‘हौद्याची जीप’. पुढून बघाल तर सात फटींची जाळी, दोन गोल दिवे, उंच बॉनेट, अशी जगभर ओळखली जाणारी जीप. मागून बघाल तर अँगल, पत्रा आणि किंजळाच्या फळ्यांचा हौदा, म्हणजे निव्वळ बैलगाडी. असली पिकअप कंपनीनं कधी काढली नव्हती, ती आमच्या लोहार-सुतारांनी केली होती. चोवीस वर्षं गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिलेली ही गाडी २०२२ साली पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं, आणि घरात वाद सुरू झाला. गाडी ‘मूळ रूपात’ आणायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. मूळ रूप कुठलं, यावर मात्र एकाचंही दुसऱ्याशी जमेना.

हा वाद कळायचा तर गाडीचा इतिहास सांगायला हवा, आणि तो सुरू होतो आमच्या खोऱ्यापासून फार लांब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातली विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी अशा सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. लढाई संपली तशी विलीजनं तीच गाडी थोडी बदलून शेतकऱ्याला विकायला काढली. इकडे १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्या भागीदारीत कंपनी सुरू केली होती. फाळणी झाली, महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली ‘महिंद्रा अँड महंमद’ची ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. विलीजचे सुटे भाग बोटीनं मुंबईला यायचे आणि माझगावला त्यांची जोडणी व्हायची.

आमची गाडी १९५८ ची, सीजे-३बी मॉडेलची. तिच्या इंजिनाचं नाव ‘हरिकेन’. हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. त्यामुळं इंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. जुन्या जीपच्या शेजारी ही उभी केली की पटका बांधल्यासारखी दिसते. स्टिअरिंग डाव्या हाताला. रस्त्याच्या डाव्या कडेनं चालणाऱ्या देशात ही गाडी कितीतरी वर्षं पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवून फिरली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली बंद झालं. आपल्याकडं त्याच साच्याच्या गाड्या पुढंही अनेक वर्षं निघत राहिल्या, म्हणून तिचे सुटे भाग आजही मिळतात.

आमच्या खोऱ्यात जीप आणली ती धरणानं. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला. पन्नाशीच्या दशकात वर हेळवाककडं धरणाचं काम निघालं आणि कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर कधी न बघितलेली वाहनं दिसायला लागली. डंपर, रोलर, सिमेंटचे ट्रक आणि त्यांच्या मधून धुरळा उडवत जाणाऱ्या जीपा. जीप म्हणजे सायबाची गाडी. ती आली की रस्त्यावरचे कामकरी खांद्यावरचं फावडं खाली घ्यायचे. १९६४ च्या सुमाराला धरण पुरं झालं, शिवसागराचं पाणी मागं पसरलं, कितीतरी गावं उठली, आणि काम संपलेल्या ठेकेदारांनी सामान विकायला काढलं. १९६५ च्या उन्हाळ्यात आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, भुईमुगाचे पैसे आणि एक बैलजोडी घालून त्यातली एक जीप घेतली.

सायबाची गाडी दारात आल्यावर माणसं बघायला जमली. चौथ्या दिवशी आबांनी लोहार बोलावला आणि सांगितलं, पुढच्या सीटमागचं सगळं कापा. गावानं कपाळावर हात मारला. आमच्या आजीनं तर दोन दिवस अबोला धरला. आबांचं म्हणणं सरळ होतं. “बसायला बैलगाडी हाय की. मला वझं न्यायला पायजे.” कऱ्हाडचा बाजार म्हणजे बैलगाडीला रात्रभराची वाट. भुईमूग, गूळ, तांदूळ घेऊन संध्याकाळी निघायचं, पहाटे पोचायचं, आणि अडत्यानं भाव पाडला तरी माल परत आणायचं बळ बैलांत नसल्यामुळं आहे त्या भावात द्यायचा. ‘परत आणता येईल’ एवढ्या एका गोष्टीसाठी आबांना गाडी हवी होती. लोहारानं अँगलची चौकट केली, सुतारानं नऊ फळ्या बसवल्या, दोन्ही बाजूंना आणि मागं फाळके लावले. कापून काढलेला मागचा मूळ फाळका, ज्यावर विलीजची इंग्रजी अक्षरं उठवलेली होती, तो कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून गेला.

११ डिसेंबर १९६७. मी दहा वर्षांचा होतो. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. खोऱ्यातली घरं दगडमातीची, भिंती दोन-दोन हात जाड; त्या आतल्या माणसांवर बसल्या. सुमारे एकशे ऐंशी माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडून मुंबई अंधारात गेली. आमच्या गोठ्याची भिंत जीपवर पडली. बॉनेटचा डावा कोपरा आणि मडगार्ड आत गेलं, काच फुटली. आबा आणि आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पाचसहा माणसं घेऊन दगड काढले. पुढच्या भोकात हँडल घातलं आणि मारायला सुरुवात केली. थंडीत इंजिन धरत नव्हतं. कितव्या फेरीला ते सुरू झालं हे कुणी मोजलं नाही. ते सुरू झाल्याचा आवाज मला अजून आठवतो. हौद्यात पिंजार अंथरलं, वर घोंगडी टाकली, आणि वरच्या वाड्यांतून जखमी माणसं कऱ्हाडच्या दवाखान्यात न्यायला आण्णांनी त्या दिवशी तीन खेपा केल्या. सायबाच्या गाडीला मागं समोरासमोरची बाकडी होती. त्यात आडवं माणूस झोपवता आलं नसतं. आजीचा राग त्या दिवशी गेला.

बॉनेटचा तो पोचा नंतर कुणी काढला नाही. पहिली काही वर्षं पैसे नव्हते म्हणून, पुढं सवय झाली म्हणून.

१९७२ चा दुष्काळ. आमच्याकडं डोंगराच्या कडेला भात कसंबसं आलं, पण जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात जनावरांच्या तोंडात घालायला काडी नव्हती. आत्याचं सासर माणमध्ये. आण्णा हौद्यात पिंजार रचून तिकडं न्यायचे आणि येताना कधी हाडं निघालेली वासरं घेऊन यायचे. रस्त्याकडेला हजारो माणसं खडी फोडत बसलेली असायची, त्यांना सुकडी वाटली जायची, रेशनवर मिलो मिळायचा. जीपचं पेट्रोल मात्र कुणी फुकट देत नव्हतं. त्यात ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. युद्ध सुएझच्या काठावर झालं, पण त्याचा हिशोब आमच्या अंगणात मांडला गेला. कऱ्हाडची एक खेप म्हणजे दोन पोती भुईमूग पेट्रोलमध्ये जायला लागला.

त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात जीपवाल्यांनी जे केलं तेच आण्णांनी केलं. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. साठीच्या दशकापासून मुंबईजवळ कांदिवलीला इंटरनॅशनल कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर तयार होत होते. असा एक ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यात दरीत गेला होता. त्याचं इंजिन आण्णांनी घेतलं. जीपचा गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टरचं इंजिन यांचे नटबोल्ट जुळणार कसे? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरनं मधे बसणारी जाड प्लेट कापून दिली. इंजिनाचं वजन वाढलं म्हणून पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा जास्त घातला. कागदावर हरिकेनची ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्या पुढं आणि ट्रॅक्टरचं इंजिन जेमतेम पस्तीसचं. पण ते कमी फेऱ्यांत जोर काढायचं. वेग गेला, आवाज वाढला, खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, आणि गाडी निम्म्या खर्चात तेवढंच ओझं ओढायला लागली. पुढं महिंद्रानं स्वतःच इंटरनॅशनलच्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून विकलं. गावोगावच्या मिस्त्र्यांना गरजेपोटी सुचलेलं शहाणपण कंपनीच्या कारखान्यातही पोचलं म्हणायचं. आण्णा कागदपत्रांना पक्के. त्यांनी आरटीओत जाऊन बुकात हौदा आणि डिझेल, दोन्हींची नोंद करून घेतली. त्या नोंदीची किंमत आम्हाला पन्नास वर्षांनी कळली.

नंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दुधाच्या किटल्या, निवडणुकीचे कर्णे, लग्नातली भांडी, बाळंतिणी, शाळेची बाकडी. ऐंशीनंतर खोऱ्यात वडाप सुरू झालं. एका जीपमध्ये पंधरा माणसं कोंबणाऱ्या नव्या लांब गाड्या आल्या, आणि हौद्याची जीप फक्त घरच्या मालाला उरली. १९९८ साली आण्णा गेले. त्यांच्यानंतर हँडल मारायला कुणी उठलं नाही. गाडी छपरात गेली, तिच्यावर कडबा रचला गेला, सीटमध्ये उंदरांनी घर केलं.

२०२२ साली पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या गावी आला आणि कडबा बाजूला करून तासभर गाडीखाली पडून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. “काका, चॅसी शाबूत आहे. हिला आपण ओरिजिनल करू.”

त्यानं सगळा अभ्यास केला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेली, खासगी वापराची, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पुतण्याचा बेत म्हणजे हौदा काढायचा, मागची बॉडी नवी आणायची, ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून जुनं हरिकेन शोधायचं आणि माझगावहून निघाली तशी गाडी करायची. बॉडी मिळणं अवघड नव्हतं. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपच्या आख्ख्या बॉड्या नव्या बनवून मिळतात. खुराड्याचं दार त्यानं ओळखलं तेव्हा तर तो नाचायचाच बाकी राहिला. साठ वर्षं कोंबड्यांची विष्ठा खाऊनही ती अक्षरं बोटाला लागत होती.

कऱ्हाडचा मिस्त्री दुसऱ्या टोकाला. तो म्हणाला, “गुरुजी, जुन्यात जीव घालण्यापरास बोलेरोचं इंजिन टाकू. टर्बो हाय. पाच गिअर, पॉवर स्टेरिंग, फुडं डिस्क. पोरं पुण्यापातूर एसीत जात्याली.” त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. असल्या गाड्या तो रोज करत होता आणि त्या उत्तम चालत होत्या.

मी दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांच्या म्हणण्याला पुढं काय काय चिकटून येतं ते कागदावर मांडलं.

मिस्त्र्याच्या वाटेनं गेलं तर एक बदल दुसरा बदल मागतो. इंजिनाचा जोर दुप्पट झाला की जुना तीन गिअरचा बॉक्स टिकत नाही, तो बदलायचा. बॉक्स लांब झाला की शाफ्ट कापायचा. वेग वाढला की मागची-पुढची एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग सगळं बदलायचं. ऐंशी इंच अंतरावर चाकं असलेली उंच, आखूड गाडी ऐंशीच्या वेगानं वळणावर न्यायची नसते. तिची बांधणीच त्या वेगासाठी नाही. शेवटी जीपचं फक्त तोंड उरतं. शिवाय कायदा आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निर्वाळा दिला की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायलाही आरटीओची परवानगी आणि नोंद लागते.

पुतण्याच्या वाटेनं गेलं तर गाडी देखणी होणार, यात शंका नव्हती. पण व्हिंटेजचा नंबर मिळाला की ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीचं इंधन आणि देखभाल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर येऊ शकते. आत्ताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते जुन्या कार्बोरेटरच्या रबराला आणि डायफ्रामला मानवत नाही. ते सगळं बदलावं लागतं, म्हणजे ‘मूळ’मध्ये पुन्हा बदल आलाच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १९५८ ची गाडी उभी करायची तर १९६५ ते १९९८ पर्यंतची गाडी मोडायला लागणार होती. आमच्या घरानं ओळखली ती गाडी हीच. माझगावहून निघालेली जीप आमच्यापैकी कुणी चार दिवसांच्या वर बघितलीही नव्हती.

निकाल लागला तो मात्र माझ्या कागदानं लागला नाही.

गाडी ओढून कऱ्हाडच्या गॅरेजला नेली होती. डेंटिंगवाल्या पोरानं बॉनेट सोडवून घोडीवर ठेवलं होतं आणि तो पोचा काढायला हातोडी घेऊन बसला होता. उरलेला खळगा लांबी भरून सपाट करायचा होता. ट्रॅक्टरचं काही सामान न्यायला वरच्या वाडीतले एक गृहस्थ आले होते, सत्तरीला टेकलेले. ते बॉनेटपाशी थांबले. हात फिरवला. मग मला विचारलं, “ही हौद्याची जीप न्हवं?”

मी हो म्हणालो.

“त्यो पोचा भरू नगा, गुरुजी. भूकंपात आमची आय ह्याच गाडीतनं न्हेली. मी तेरा वर्साचा हुतो. वाटंतच गेली ती. पर गाडी आली म्हून मातीखाली न्हाय गेली. माझ्या मांडीवर गेली.”

पोरानं हातोडी खाली ठेवली. पुतण्या तिथंच उभा होता. त्यानं काही बोलायच्या आधी ते गृहस्थ आपलं सामान घेऊन निघूनही गेले. संध्याकाळी गावी परतताना पुतण्या म्हणाला, “काका, हौदा राहू दे.” त्यानंतर वाद राहिला नाही, फक्त काम राहिलं.

मग आम्ही गाडीचा एकेक भाग समोर घेतला आणि त्याला दोन प्रश्न विचारले. हा बदल कुणाच्या गरजेनं झाला होता? आणि आता हा तसाच ठेवला तर कुणाच्या जिवाला धोका आहे?

हौदा गरजेचा; राहिला. नऊपैकी पाच फळ्या ठोकल्यावर टणक वाजल्या, चार कुजलेल्या निघाल्या. नव्या चार किंजळाच्याच घातल्या. त्यांना रंग देऊन जुन्यांसारखं केलं नाही, नुसतं तेल पाजलं. नवी कुठली आणि जुनी कुठली ते पोरालाही दिसावं. प्रत्येक नव्या फळीच्या खालच्या अंगाला साल डागलं.

ट्रॅक्टरचं इंजिन गरजेचं; राहिलं. ते उघडून कोल्हापूरला नेलं. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या, क्रँक घासून घेतला, पंप आणि नोझल तपासून घेतले. त्या टर्नरनं १९७४ साली कापलेली प्लेट जशीच्या तशी बसली. उद्यमनगरातल्या आजच्या मिस्त्र्यानं ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाला, “हे हातकाम हाय बरं का. आता असं कोन करत न्हाय.”

रंगाचा प्रश्न वेगळा निघाला. मडगार्ड घासताना एकाखाली एक थर निघाले. वरचा लालसर प्रायमर, त्याखाली निळा, त्याखाली ठेकेदाराचा पिवळट, सगळ्यात खाली करडा-हिरवा. कंपनीचा रंग करडा-हिरवा असणार. आम्ही निळा दिला, कारण आबांनी हौदा बसवल्यावर दिला तो निळा. ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा न घासता सोडली. तिथं चारही रंग बघायला मिळतात. बॉनेटचा पोचा आहे तसा ठेवला, फक्त गंज काढून वर रंग दिला. विलीजचं नाव असलेला फाळका पुन्हा गाडीला लावता येईना, कारण तो ज्याला बसायचा ती बॉडीच नाही. तो धुऊन, तेल लावून हौद्याच्या पुढच्या भिंतीला आतून ठोकला. कोंबड्यांना नवं दार दिलं.

ब्रेक मात्र आहे तसे ठेवले नाहीत. त्या काळच्या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच नळी. नळी कुठंही फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. आमच्या गाडीला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेले रस्ते. नंतरच्या जीपला येतो तसा पुढच्या-मागच्या चाकांचा वेगवेगळा मास्टर सिलिंडर घातला, सगळ्या नळ्या नव्या केल्या. ड्रम तेच ठेवले, कारण पस्तीस हॉर्सपॉवरच्या वेगाला ते पुरतात. पुतण्यानं विचारलं, “काका, मग हे मूळ कसं राहिलं?” मी म्हणालो, “मूळ ब्रेक काढून डब्यात ठेवलेत. ज्याला मूळ पायजे त्यानं डबा उघडून बघावं.” उंदरांनी खाल्लेली सुती वेष्टणाची वायर टाकून नवी वायरिंग आणि फ्यूजचा डबा केला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, नाहीतर रात्री दिवे पणतीसारखे लागायचे. सीट बेल्ट लावले. ते लावताना चॅसीला वेल्डिंग केलं नाही. जुन्याच बोल्टच्या भोकांत बसतील अशा पट्ट्या केल्या. ड्रायव्हरच्या सीटखाली इंधनाची टाकी असते, ती गंजून चाळण झाली होती. ती त्याच मापाची नवी करून घेतली. पुढचं हँडलचं भोक आणि हँडल दोन्ही शाबूत ठेवलं, सेल्फ चालत असला तरी.

जे नवं घातलं ते शक्यतो असं घातलं की उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर मागं काही खराबी न ठेवता निघेल. मिस्त्र्याला हे आधी पटलं नाही. “काढायचंच हाय तर घालायचं कशाला?” असं तो म्हणायचा. पुढं तोच दुसऱ्या गिऱ्हाइकाला ही गाडी दाखवून समजावून सांगताना मी ऐकला.

पुण्याहून आलेल्या पुतण्याच्या एका मित्रानं हौद्याकडं बघून विचारलं, “पण मग ही व्हिंटेज नाहीच ना?” नियमानं नाहीच. त्याला मी धरणाचं उदाहरण दिलं. भूकंपात कोयनेचं धरण उभं राहिलं, पण त्याला भेगा गेल्या. १९७३ पर्यंत धरणाच्या बाजूच्या भागाला पाठीमागून काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट केलं, आणि २००६ साली सांडव्याचा भागही तसाच बळकट केला. आज जे धरण दिसतं ते १९६४ चं नाही. म्हणून कुणी त्याला नकली कोयना म्हणत नाही. खाली माणसं राहतात, म्हणून ते बदललं. आणि पाडून नवं बांधलं नाही, कारण आहे त्यात जोर होता. आमच्या गाडीला आम्ही यापेक्षा वेगळं काही केलेलं नाही.

नोंदणी नूतन करायला गाडी आरटीओत नेली तेव्हा निरीक्षकानं इंजिन नंबर पुसून बघितला आणि जुन्या बुकाशी ताडला. आण्णांनी करून घेतलेली नोंद समोर होती. इंधन: डिझेल. बॉडी: पिकअप. ती नोंद नसती तर एवढं काम करून गाडी पुन्हा छपरात गेली असती. नंबरही जुनाच राहिला, एमएच येण्याआधीचा.

आता ती महिन्यातून चारपाच वेळा निघते. तांदूळ गिरणीला नेते, खत आणते, गणपती आणते. चाळीसच्या वर जात नाही. जाऊ देतही नाही. लहान पोरं हौद्यात बसायचा हट्ट करतात, त्यांना पुढं बेल्ट लावून बसवतो.

सीटखालच्या अवजारांच्या डब्यात पुतण्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर १९६५, हौदा, लोहार-सुतारांची कामं. मग १९६७, पोचा, तीन खेपा. मग १९७४, इंजिन, प्लेट, जादा पाटे. मग २०२२ आणि २०२३ ची पाच पानं: काय काढलं, कुठं ठेवलं, काय घातलं, का घातलं. पुढची पानं कोरी सोडली आहेत. पुढच्या पिढीत डिझेल मिळेल की नाही कोण जाणे. एखादा पोरगा तिच्यात बॅटरीची मोटार बसवेल. बसवू दे. वहीत लिहून ठेवावं, एवढंच मी त्याला सांगून ठेवणार आहे.